थर्मोस्टॅट काढला म्हणजे झालं?

घरात जुनी डिझेल गाडी असेल तर हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल : "गाडी तापते ना? थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे त्याची गरजच नाही!" मेकॅनिकपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे हे इतक्या खात्रीने सांगतात की मेकॅनिकलची मुलंसुद्धा मान डोलावतात. माझं स्पष्ट मत असं की ही दुरुस्ती नाहीच. हा रोग झाकण्याचा प्रकार आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारी साधी झडप. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तोपर्यंत ते इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. डिझेलला ही ऊब लागतेच. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, धूर होतो, अॅव्हरेज पडतं, सिलिंडर झिजतात. त्याचा बर्फ पडण्या न पडण्याशी काय संबंध? शिवाय काही इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. ती काढली की बरंचसं पाणी रेडिएटरला टांग मारून परत इंजिनात! म्हणजे तापू नये म्हणून काढलं आणि त्यामुळेच तापली.

माझ्या मामाची वीस वर्षं जुनी डिझेल गाडी आहे. तो चिपळूणजवळ राहतो, आणि महिन्यातून दोनदा आजोबांना कुंभार्ली घाटातून कराडला दवाखान्यात नेतो. गाडी सपाटीला अगदी गार, काटा अर्ध्यावरही येत नव्हता. घाट लागला की थेट लाल पट्टीकडे. पहिल्या गॅरेजने थर्मोस्टॅट काढला, दुसऱ्याने वॉटर पंप बदलला, तिसरा म्हणाला, "हेड उतरवावं लागेल." तो खर्च ऐकून मामा गाडी विकायला निघाला होता. दुसरी घेण्याची ऐपत नाही, आणि आजोबांना एसटीचा प्रवास झेपत नाही.

तिघांपैकी एकानेही "कधी तापते?" हा प्रश्न विचारला नाही. खरं तर निम्मं निदान त्या प्रश्नातच आहे. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की उतरते? आधी पंखा, त्याचा फ्यूज, रिले आणि स्विच बघा. उभी असताना ठीक, पण चढाला किंवा वेगात तापते? रेडिएटर तुंबलाय का, पंप पाणी ढकलतोय का, होज आत चिमटतोय का, ते बघा. हेडलाईट लावताच काटा उडी मारतो? पाणी एका सेकंदात तापत नसतं. वायरिंग आणि अर्थिंग तपासा. बाहेर कुठे गळती नाही तरी पाणी कमी होतं, टाकीत सतत बुडबुडे येतात, पांढरा धूर जातो? मग हेड गॅस्केटचा संशय घ्या, त्याआधी नाही. आणि इंजिन गरम असताना झाकण मात्र कुणीही उघडू नका. दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेलं पाणी दाब सुटताक्षणी उकळून अंगावर येतं.

मामाच्या गाडीत रेडिएटरच तुंबलेला निघाला. इंजिन बंद करून, पंख्याची वायर काढून जाळीवर हात फिरवला तर एक बाजू गरम आणि उरलेली चक्क कोमट! वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातल्यामुळे नळ्यांत क्षार साठले होते. थर्मोस्टॅट नसल्यामुळे सपाटीला काटा खालीच राहायचा, म्हणून रेडिएटर तुंबत चाललाय हे कुणाला कळलंच नाही. रेडिएटर खोलून साफ केला, नवीन थर्मोस्टॅट बसवला, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून भरलं. कूलंट हे फक्त बर्फाच्या देशासाठी असतं हाही एक गैरसमज. ते गंजही रोखतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. हेडला कुणी हात लावला नाही. गाडी घाट चढते आहे.

आता आपल्याकडे वळू. आय.सी. इंजिन लॅबमध्ये आपण हीट बॅलन्स शीट काढतो. इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश पाण्यात जाते हे आपल्याला पाठ असतं. पण तिथे पाणी नळातून येतं आणि थेट गटारात जातं! ना रेडिएटर, ना थर्मोस्टॅट, ना बिघाड. व्हायव्हाला थर्मोस्टॅटची व्याख्या सांगणारा मुलगा घरची गाडी तापली की गप्प बसतो, यात नवल काय?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्यासाठी हे 'कूलिंग सिस्टीम'. मामासाठी नुसतं 'पाणी'. शब्द कुठलाही वापरा, डोकं तेच लागतं. म्हणून सरांना एक विनंती. वर्कशॉपमध्ये भंगारातलं एक जुनं डिझेल इंजिन रेडिएटरसकट बसवा, दर आठवड्याला त्यात मुद्दाम एक बिघाड करा आणि आम्हाला शोधायला लावा. अट एकच : कारण सांगितल्याशिवाय स्पॅनरला हात लावायचा नाही.

बघा, पटतंय का!