दोन सर्व्हर आणि एक प्लग

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजून गेले होते. सबमिशन तोंडावर आल्यामुळे अर्धं हॉस्टेल जागंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका ज्युनिअरला दम्याचा अटॅक आला. वीज दोनदा जाऊन परत आलेली, मोबाईलला रेंज नाही (पावसात आपल्याकडे ती कधी असते म्हणा!). त्याचा पार्टनर पॅसेजमधल्या इंटरकॉमकडे धावला. ९ दाबलं की दवाखाना, हे आपल्या सगळ्यांना पाठ. रिसीव्हर कानाला लावला तर आत काहीच नाही. शेवटी पोरगं भर पावसात गेटपर्यंत पळत गेलं आणि वॉचमन काकांनी रेक्टर सरांना उठवून गाडी काढायला लावली. ज्युनिअर आता ठणठणीत आहे, परवाच मेसमध्ये पोळीवरून माझ्याशी भांडला.

मी हे लिहितोय, कारण तो फोन सर्व्हर बसवणाऱ्या चौघांत मी होतो. आणि आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या कव्हरवर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'हाय अव्हेलेबिलिटी'!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपला इंटरकॉम ॲस्टरिस्कवर चालतो. मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९९ मध्ये, आपल्या छोट्या कंपनीला विकतची फोन सिस्टीम परवडेना म्हणून, हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि फुकट वाटलं. आम्ही एका सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स टाकलं, त्यावर दोन व्हर्च्युअल मशिन आणि दोन्हींत ॲस्टरिस्क. दोघांत मिळून एक फिरता आयपी पत्ता. पहिलं मशिन गप्प झालं की तीन-चार सेकंदांत दुसरं तो पत्ता उचलतं. व्हायवाला आम्ही पहिलं मशिन माउसने बंद केलं, एक्स्टर्नल सरांना फोन लावायला सांगितला, लागला. सर खूश, आम्ही त्याहून खूश.

आता खरं सांगतो. सरांना आम्ही जो नंबर लावायला दिला, तो ६०० होता, म्हणजे आपलाच आवाज परत ऐकवणारी टेस्ट. तो लागणारच होता. सरांनी दवाखाना लावला असता तर आमची पंचाईत होती. कारण कुठला फोन कोणत्या पत्त्यावर आहे याची यादी पहिल्या मशिनकडे होती, दुसऱ्याकडे कोरी पाटी. फोन पुन्हा नाव नोंदवेपर्यंत त्याच्यावर येणारा कॉल लागत नाही, आणि ती मुदत आम्ही तब्बल एक तास ठेवली होती. चालू असलेले कॉल तर तुटतातच.

पण त्या रात्री प्रश्न तिथपर्यंत गेलाच नाही. वीज परत आली तेव्हा सर्व्हरचा एसएमपीएस जळाला. दोन्ही मशिनं एकाच डब्यात, तो डबा एकाच प्लगवर. व्हर्च्युअल मशिन ही चीज सोयीची आहे, बिघडलं तर कालची प्रत दहा मिनिटांत उभी करता येते, मी अजूनही तिच्या बाजूने आहे. पण स्क्रीनवर दोन चौकोन दिसले की आपल्याला दोन सर्व्हर असल्याचा भास होतो. जुन्या काळ्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट मिळायचे, घरची वीज गेली तरी तो चालायचा. आपल्या पॅसेजमधल्या फोनला वीज मिळते मजल्यावरच्या स्विचमधून. तो स्विच यूपीएसवर नसेल, तर मागे दहा सर्व्हर असले तरी शोभेचेच!

दिवाळीनंतर लॅबमधला एक स्क्रॅपला निघालेला पीसी आम्ही लायब्ररीच्या इमारतीत, वेगळ्या यूपीएसवर बसवला. आता दुसरं मशिन तिथे आहे. नोंदणीची मुदत एका मिनिटावर आणली, मजल्यांवरचे स्विचही यूपीएसवर घेतले. फिरता पत्ता मात्र काढून टाकला, यावरून आमच्यात जोरदार भांडण झालं. माझं म्हणणं असं : दोन इमारतींमधली केबल तुटली, तर प्रत्येक मशिनला वाटणार की दुसरं मेलं. दोघंही तो पत्ता आपला म्हणणार. हॉस्टेलचे फोन इकडे, दवाखाना तिकडे, आणि दोन्ही स्क्रीनवर सगळं हिरवंगार. यापेक्षा बंद पडलेला सर्व्हर बरा, निदान कळतं तरी. त्यावर तिसऱ्या मशिनचं मत घेण्याचा उपाय आहे, पण आमची बॅच पास होऊन गेल्यावर तो सांभाळणार कोण? म्हणून प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्येच पहिला आणि दुसरा असे दोन सर्व्हर लिहिले. केबल तुटली तर तेव्हाही अडचण येईलच, पण ती मेसच्या मामांनाही समजावून सांगता येते.

हे सगळं चालतं का? माहीत नाही! कारण पहिल्या सर्व्हरचा प्लग खरोखर उपटून कुणी पाहिलेलंच नाही. त्यासाठीचा आमचा अर्ज तीन महिने ऑफिसात पडून आहे. 'चालू आहे ते कशाला बंद करता?' हे उत्तर तोंडी मिळालं. सर, चालू तर ते त्या रात्री दोन वाजेपर्यंतही होतं.

आमची मागणी छोटी आहे. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी, आदल्या दिवशी नोटीस लावून, फक्त दहा मिनिटं. तेवढा वेळ आमच्यातला एक जण गेटवर बाईक घेऊन उभा राहील आणि एक दवाखान्यात फोनशेजारी. प्लग मी उपटतो. तुम्ही आपापल्या मजल्यावरून ९ दाबा.