खुंट उपटण्यापूर्वी

दात किडून खुंट उरला की वस्तीत एकच सल्ला मिळतो: उपटून टाका. बंधू-भगिनींनो, आम्ही म्हणतो, आधी एक्स-रे काढा. हिरडीच्या वर सभोवार दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात शिल्लक असेल, तर तो बहुधा वाचतो. रूट कॅनॉल करून मुळात काडी बसवतात, वर कॅप चढवतात. मूळ पातळ असेल, तर ताठ धातूपेक्षा फायबरची काडी बरी. ती दातासारखी किंचित लवते, मूळ चिरण्याचा धोका कमी होतो. मूळ उभे चिरलेच असेल, तर मात्र दात काढणेच हिताचे. खर्चाची धास्ती वाटते? मुंबईत नायर किंवा शासकीय दंत महाविद्यालय गाठा. दोन-चार खाडे होतील, पण भाकरी स्वतःच्या दाताने चावाल.