कुत्र्यांचं स्वागत आहे, पण कुठवर?

शिरोली एमआयडीसीच्या अगदी अंगाला लागून पुणे-बंगळूर हायवे जातो. शनिवारी सकाळी सांगली फाट्यावर चहाला थांबलं की पुण्याच्या गाड्या एकामागून एक जाताना दिसतात. पुढे नवरा-बायको आणि मागच्या सीटवर, खिडकीतून जीभ बाहेर काढून आख्खी एमआयडीसी हुंगत चाललेला एखादा लॅब्रॅडॉर. फौंड्रीच्या जळक्या वाळूचा वास त्याला कसा वाटत असेल, देव जाणे :-)

ही मंडळी पुढं राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा नाहीतर आंबोलीकडे वळतात. जंगलाला लागून असलेल्या एखाद्या गावात, दोघांपुरती छोटीशी कॉटेज आणि जाहिरातीत खाली दोन ओळी: "कपल फ्रेंडली. पेट फ्रेंडली." यातल्या पहिल्या ओळीवर पुन्हा कधीतरी लिहीन. आजचा विषय दुसरी ओळ.

आधीच सांगतो, कुत्र्याला सहलीला नेण्याच्या मी अजिबात विरोधात नाही. दोघंही नोकरी करणारे, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि तो बिचारा आठवडाभर दाराकडे डोळे लावून बसलेला. दोन दिवस सुट्टी मिळाली तर त्याला बोर्डिंगमध्ये टाकून आपण एकटेच धबधबे बघत फिरायचं? मनाला पटत नाही. घरातला माणूस म्हणता ना, मग न्या की सोबत.

माझी तक्रार आहे ती "फ्रेंडली" या शब्दाबद्दल. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच, की कुत्रा आणला तर आम्ही हाकलणार नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर फीचर आहे, पण डॉक्युमेंटेशन नाही. आणि जंगलाच्या कडेला डॉक्युमेंटेशनशिवाय चालत नाही, कारण तिथं समोर दोन गोष्टी असतात: बिबट्या आणि व्हायरस.

पहिल्यांदा बिबट्या. अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, म्हणजे उसाच्या आणि वस्तीच्या भागात, बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के पाळीव प्राणी निघाले आणि त्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. शेळीपेक्षा कुत्रा जास्त! आता विचार करा. रात्री खोलीत केस पडतात म्हणून कॉटेजवाला सांगतो, "व्हरांड्यात बांधा, काही होत नाही." साखळीला बांधलेला, अनोळखी जागेमुळे रात्रभर भुंकणारा कुत्रा म्हणजे बिबट्याला दिलेलं जेवणाचं आमंत्रणच. काही ठिकाणी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा दिसतो, तो काही दागिना म्हणून नसतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त अवघड. कॅनाइन डिस्टेंपर. हा कुत्र्यांचा रोग, पण कुत्र्यांपुरता थांबत नाही. कोल्हा, खोकड, बिबट्या, वाघ, सिंह, कुणालाही होऊ शकतो. शिंकेतून, लाळेतून पसरतो. आधी श्वास आणि पोट धरतो, मग मेंदू. त्यावर नेमकं औषध नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत साधारण एक तृतीयांश सिंह याच रोगात गेले आणि आसपासच्या गावातल्या कुत्र्यांकडे बोट दाखवलं गेलं. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या गीरच्या एका भागात वीसहून अधिक सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुने तपासले तेव्हा काहींमध्ये हाच विषाणू सापडला.

आपल्या सह्याद्रीत सिंह नाहीत, पण रानकुत्रे आहेत. १८३१ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या ज्या रानकुत्र्याची शास्त्रीय नोंद केली, त्याचं मराठी नावही त्यांनी टिपून ठेवलं: कोळसून. जगभरात पिल्लं घालू शकणारे रानकुत्रे ९५० ते २,२०० च्या आसपास उरले असावेत, असा २०१५ चा अंदाज आहे. म्हणजे जगातले सगळे मिळून आमच्या एमआयडीसीतल्या एका शिफ्टलाही पुरणार नाहीत. कळपानं राहणारा प्राणी, एकाला लागण झाली की सगळ्यांना.

यावर तुम्ही म्हणाल, "आमच्या कुत्र्याला इंजेक्शन दिलंय की!" कुठलं? बऱ्याच जणांच्या डोक्यात इंजेक्शन म्हणजे रेबीजचं. डिस्टेंपर आणि पार्व्होसाठी वेगळी एकत्रित लस असते, पिल्लाला ती तीन-चार डोसांत, साधारण चौथ्या महिन्यापर्यंत पूर्ण होते आणि पुढं बूस्टर लागतात. दोन-अडीच महिन्यांचं गोंडस पिल्लू पहिल्याच सहलीला जंगलात नेणं म्हणजे त्याच्याही जिवाशी खेळ. पार्व्होचा विषाणू सावलीतल्या ओल्या मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणजे आमची लाल माती त्याला आयतीच मिळाली.

कायद्यातही गंमत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३३अ प्रमाणे अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आत असलेल्या पशुधनाला लस टोचण्याची व्यवस्था सरकारनं करायची आहे. पशुधन म्हणजे काय, तेही कायद्यात दिलंय. म्हैस आहे, बैल आहे, गाढव, उंट, याक आहे, इतकंच काय बदकं आणि कोंबड्यासुद्धा आहेत. कुत्र्याचं नाव नाही! कोडमध्ये एक केस राहून गेली की बग तिथूनच येतो, तसलाच हा प्रकार.

"पण गावातली कुत्री मोकाटच फिरतात, त्यांचं काय? आमच्या एकट्या ब्रूनोनं काय फरक पडणार?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नज भागात संशोधकांनी गावातल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं, तर बहुतेकांना डिस्टेंपर आणि पार्व्हो कधी ना कधी होऊन गेल्याचं दिसलं. म्हणजे खरा साठा गावात आहे. ब्रूनोला पट्टा घालून तो संपणार नाही, हे कबूल. पण माझं म्हणणं इथंच येतं. शहरातून येणाऱ्या कुत्र्यामुळं कॉटेजवाल्याला जो जास्तीचा पैसा मिळतो, त्यातून गावातल्या कुत्र्यांची लस झाली पाहिजे. बिलात तशी एक ओळ टाका, आम्ही आनंदानं देऊ. त्यात ब्रूनोचाही फायदा आणि कोळसुनाचाही. नाहीतर ही सगळी फ्रेंडशिप एकतर्फीच.

तोवर आपण बुकिंग करताना तीन प्रश्न विचारू शकतो. अंगणाला कुंपण आहे का? रात्री कुत्रा खोलीत झोपलेला चालेल का? आणि लसीचं कार्ड बघणार का? तिसऱ्या प्रश्नावर जो मालक "कशाला साहेब" म्हणेल, त्याच्याकडे जाऊ नका. आधार कार्डाच्या आधी कुत्र्याचं कार्ड मागणारी कॉटेज हीच माझ्या मते खरी डॉग फ्रेंडली.

आणि एक हिशेब दोघांनी घरीच करावा. दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालं, १९८५ मध्ये ते वाढून राधानगरी अभयारण्य झालं, ३५१ चौरस किलोमीटरचं. २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीतही आहे. तिथं आपल्याला रीड-ओन्ली परवानगी असते. कुत्रा मात्र दर दहा पावलांवर काहीतरी लिहून ठेवतो :-) त्यामुळं त्याला आत नेता येत नाही. मग एक तर दोघांपैकी एकानं मागं राहायचं, नाहीतर कुत्र्याला परक्या खोलीत कोंडून दोघांनी सफारीला जायचं, आणि त्याचं रडणं गावानं ऐकायचं. गवा बघायचाच असेल तर ती सहल वेगळी करा. कुत्र्याला न्यायचं तर सहल अंगणातली करा: पुस्तक, चहा, पाऊस, आणि पायाशी तो. दोन दिवसांच्या सुट्टीत आणखी काय लागतं?

तेव्हा पुढच्या वीकांताचं बुकिंग करण्याआधी कपाटातून त्याची फाईल काढा आणि शेवटच्या लसीची तारीख बघा. बॅग नंतर भरली तरी चालेल.