फाइल जागेवरच असते, उघडणारा हरवतो



या सदरातून आपण बियाणे, खते, फवारणी यांविषयी नेहमी बोलतो. आज घरातल्या एका वेगळ्याच औजाराविषयी बोलायचे आहे. हल्ली पुष्कळ घरी एखादा जुना संगणक आलेला असतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने नवा घेतला, की जुना गावाकडे येतो. मुले त्यावर अभ्यास करतात, कोणी दुधाचा हिशेब ठेवते, कोणी सातबारा उतरवून ठेवते. औजार घरात आले, की त्याची निगाही आली. नांगराचा फाळ कसा बसवावा हे जसे घरात एकाला तरी ठाऊक असावे लागते, तसेच हेही आहे.

गेल्या महिन्यात सांगोल्याच्या बाजूला एका डाळिंबाच्या गावी बाग पाहायला गेलो होतो. बाग पाहून ओसरीवर टेकलो, तर घरातील सूनबाई डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. त्या गावातील महिला बचत गटाच्या सचिव. तीन वर्षांचा हिशेब त्यांनी संगणकावर लिहिला होता. दुसऱ्या दिवशी दहा वाजता बँकेत कर्जासाठी तो दाखवायचा होता, आणि हिशेबाची फाइल उघडेना. तालुक्याच्या एका दुकानात नेली, तर तिथल्या मुलाने ती उघडून पाहिली. पडद्यावर नुसती वेडीवाकडी अक्षरे आली. तो म्हणाला, "फाइल खराब झाली. परत काढायला दोन हजार रुपये पडतील, आणि खात्री नाही."

सासूबाई मला म्हणाल्या, "साहेब, दोन हजाराचं जाऊ द्या. गावात दोघीतिघी कुजबुजायला लागल्यात, की हिशेब हरवला की हरवला गेला? माझ्या सुनेनं वर्षानुवर्षं पै-पैचा जमाखर्च लिहिलाय हो."

शेतकीची पदवी घेताना आम्हांला संगणक कोणी शिकवला नव्हता. नोकरीत गरज पडली तसे शिकत गेलो. तरीही खूण ओळखीची वाटली. मी एकच प्रश्न विचारला, "ताई, हिशेब कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिता?" त्या म्हणाल्या, "लिब्रेऑफिसमध्ये. भावानं पेनड्राइव्हवर घालून दिलंय. संगणकात जागा नाही म्हणून पेनड्राइव्हवरनंच चालवते."

रोग तिथेच कळला. आपणही तो नीट समजून घेऊ.

प्रत्येक फाइलच्या नावाला टिंब आणि त्यापुढे दोन-चार अक्षरांची शेपटी असते. सातबाऱ्याच्या फाइलला पीडीएफ, फोटोला जेपीजी, लिब्रेऑफिसच्या हिशेबाला ओडीएस, एक्सेलच्या हिशेबाला एक्सएलएसएक्स. आपण फाइलवर दोनदा क्लिक केले, की विंडोज शेपटी पाहते आणि त्या शेपटीसाठी नेमलेल्या सॉफ्टवेअरला हाक मारते. या नेमणुकीलाच डिफॉल्ट म्हणतात. गावगाड्यात नांगराचे काम सुताराकडे आणि फाळाचे लोहाराकडे, हे जसे ठरलेले असे, तसेच हे.

सॉफ्टवेअरही दोन तऱ्हांचे असते. एक संगणकात रीतसर बसवलेले. ते आपली नोंद विंडोजच्या दप्तरात करते आणि त्याचा पत्ता बदलत नाही. दुसरे फिरते, म्हणजे पोर्टेबल. आमच्या लहानपणी कल्हईवाला यायचा. भाता, नवसागर, कथील सगळे त्याच्या झोळीत. पाराजवळ बसून भांडी चकाचक करायचा आणि झोळी उचलून पुढच्या गावी जायचा. पोर्टेबल सॉफ्टवेअर तसेच आहे. त्याचा सारा संसार एका फोल्डरमध्ये असतो. पेनड्राइव्ह लावला की काम सुरू, काढला की यजमान संगणकात त्याचे फारसे काही मागे राहत नाही. २००४ साली जॉन हॅलर यांनी फायरफॉक्स हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालेल असे तयार केले, आणि त्यांच्याच पोर्टेबलॲप्स या प्रकल्पातून आज लिब्रेऑफिस, पीडीएफ वाचण्याचे सुमात्रा, गाणी-चित्रफितींचे व्हीएलसी अशी अनेक सॉफ्टवेअर फुकट मिळतात. जुन्या, कमी जागेच्या संगणकाला ती फार सोयीची.

पण दप्तरी नोंद नाही, म्हणून विंडोज त्यांना आपण होऊन हाक मारीत नाही. ती नेमणूक आपल्यालाच करावी लागते. आणि नेमणूक केली, की विंडोज त्या सॉफ्टवेअरचा पुरा पत्ता लिहून ठेवते. अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक नाव. पेनड्राइव्हला संगणक ई, एफ, जी असे एक अक्षर देतो. ते अक्षर बदलले, की पत्ता चुकला. काल पाराजवळ बसलेला कल्हईवाला आज वेशीजवळ बसला, तर भांडे घेऊन गेलेले पोर रिकाम्या हाताने परत येणारच.

त्या घरी हेच झाले होते. सूनबाईंचा पेनड्राइव्ह नेहमी ई असायचा. त्या दिवशी मालकांनी बागेचे फोटो उतरवायला दुसरा पेनड्राइव्ह आधी लावला आणि तो तसाच राहिला. त्याने ई घेतला, यांच्या वाट्याला एफ आला. फाइलचे रंगीत चित्र जाऊन कोरे पांढरे चित्र आले, आणि विंडोज विचारू लागले की ही फाइल कशाने उघडू? दुकानातल्या मुलाने नोटपॅड निवडले. नोटपॅडला साधा मजकूर तेवढा वाचता येतो. हिशेबाची फाइल त्यात उघडली, की पडद्यावर कचराच दिसणार. दैव चांगले, की त्याने 'सेव्ह' दाबले नाही. दाबले असते, तर मात्र फाइल खरोखरच बिघडली असती.

फाइल बिघडली की नेमणूक बिघडली, हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. फाइलवर क्लिक करू नये. आधी सॉफ्टवेअर उघडावे, आणि त्याच्या 'फाइल' यादीतील 'ओपन' दाबून तिथून फाइल निवडावी. मी तसेच केले. तीन वर्षांचा जमाखर्च जसाच्या तसा समोर आला. सूनबाई काही बोलल्या नाहीत. सासूबाईंनी मात्र देवापुढे साखर ठेवली.

आता नेमणूक पक्की कशी करावी ते सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे. आधी जागा कायम करावी, मग नेमणूक करावी. खुंटा रोवल्याशिवाय आपण दावे बांधीत नाही.

जागा कायम करण्याच्या दोन वाटा आहेत. संगणक आपला असेल आणि त्यात थोडी जागा असेल, तर पोर्टेबल सॉफ्टवेअरचा सबंध फोल्डर पेनड्राइव्हवरून संगणकाच्या डी ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. डी नसेल, तर सी ड्राइव्हवर 'साधने' असा नवा फोल्डर करून त्यात ठेवावा. 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरात मात्र ठेवू नये. तिथे लिहिण्याची मोकळीक नसते, आणि पोर्टेबल सॉफ्टवेअर आपल्या नोंदी स्वतःच्याच फोल्डरात लिहीत असते. ही वाट सर्वांत निर्धोक. एकदा ठेवलेला फोल्डर मग हलवू नये आणि त्याचे नावही बदलू नये.

पेनड्राइव्हवरच ठेवायचे असेल, तर पेनड्राइव्हला कायमचे अक्षर द्यावे. पेनड्राइव्ह लावून 'स्टार्ट' बटणावर उजवे क्लिक करावे आणि 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. यादीत आपला पेनड्राइव्ह त्याचे नाव व आकार पाहून नीट ओळखावा. त्यावर उजवे क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'चेंज' दाबावे आणि पी किंवा त्यापुढचे एखादे अक्षर निवडावे. सुरुवातीची अक्षरे कोणताही नवा पेनड्राइव्ह घेतो, पुढची सहसा मोकळी राहतात. याच यादीत 'फॉरमॅट' आणि 'डिलीट व्हॉल्यूम' हे शब्दही असतात. त्यांना चुकूनही हात लावू नये, सारे पुसले जाईल. हे अक्षर त्या एकाच संगणकापुरते असते. दुसऱ्या संगणकावर ते पुन्हा द्यावे लागते.

जागा ठरली, की नेमणूक. हिशेबाच्या फाइलवर उजवे क्लिक करावे. 'ओपन विथ' आणि त्यातील 'चूज अनदर ॲप' निवडावे. यादीत आपले सॉफ्टवेअर नसेल, तर विंडोज ११ मध्ये 'चूज ॲन ॲप ऑन युवर पीसी' दाबावे. विंडोज १० मध्ये आधी 'मोअर ॲप्स' आणि मग खाली 'लुक फॉर अनदर ॲप ऑन धिस पीसी' असे सापडते. तिथून आपल्या फोल्डरपर्यंत जावे. लिब्रेऑफिसच्या फोल्डरात बरीच नावे दिसतील. बाहेरच असलेले, 'पोर्टेबल' हा शब्द नावात असलेले निवडावे. हिशेबासाठी 'लिब्रेऑफिस कॅल्क पोर्टेबल'. आतल्या फोल्डरात शिरून तिथले सॉफ्टवेअर निवडू नये. तसे केल्यास त्याच्या नोंदी संगणकात इतरत्र जातात आणि झोळी अर्धी इथे, अर्धी तिथे अशी गत होते.

शेवटी विंडोज ११ मध्ये 'ऑलवेज' हे बटण दाबावे. विंडोज १० मध्ये 'ऑलवेज यूज धिस ॲप' या चौकोनात खूण करून 'ओके' दाबावे. एवढे विसरले, तर नेमणूक त्या एका वेळेपुरतीच राहते. प्रत्येक शेपटीची नेमणूक वेगळी करावी लागते. ओडीएस झाले म्हणजे एक्सएलएसएक्स झाले असे नाही. पीडीएफ सुमात्राकडे द्यायचे, तर तेही याच रीतीने.

एक अडचण ठाऊक असावी. आधी ई वर असलेले सॉफ्टवेअर पी वर गेले, आणि आपण नवा पत्ता दाखवला, तरी कधी कधी विंडोज तो घेत नाही. त्याच नावाची जुनी नोंद दप्तरात पडून असते आणि ते तिलाच धरून बसते. अशा वेळी पेनड्राइव्हला जुने अक्षर परत देणे हा सोपा उपाय. त्या घरी मी तेच केले. मालकांचा पेनड्राइव्ह काढला, सूनबाईंच्या पेनड्राइव्हला ई परत दिला, आणि नोटपॅडऐवजी कॅल्कची नेमणूक केली. पांढऱ्या फाइलला तिचे चित्र परत आले.

आता चार सावधगिरीच्या गोष्टी.

पहिली, परक्याच्या संगणकावर नेमणूक करू नये. ग्रामपंचायत असो, शाळा असो वा सेवा केंद्र असो, आपण 'ऑलवेज' दाबून पेनड्राइव्ह घेऊन निघून आलो, तर मागे राहिलेल्या माणसाच्या फाइली उघडणार नाहीत. तिथे 'जस्ट वन्स' दाबावे, किंवा सॉफ्टवेअर आधी उघडून फाइल घ्यावी. दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी प्यावे, मोट आपली बांधून येऊ नये.

दुसरी, शेपटी नेहमी दिसती ठेवावी. फाइलींच्या खिडकीत 'व्ह्यू' मध्ये 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' अशी खूण करता येते. विंडोज मुळात शेपटी लपवते, आणि चोर त्याचा फायदा घेतात. नाव 'सातबारा पीडीएफ' असे दिसते, चित्रही पीडीएफचे, पण खरी शेपटी ईएक्सई असते. ती फाइल कागद नसून चालते सॉफ्टवेअर असते. ती उघडू नये. मोबाइलवर सरकारी योजनेच्या नावाने येणारी एपीके फाइल हा याच जातीचा फसवा पाहुणा.

तिसरी, सुमात्रा हलके आणि वेगवान आहे, पण ते मुख्यतः वाचण्यासाठी. सातबाऱ्यावरील डिजिटल सही खरी आहे की नाही हे ते तपासत नाही. तो तपास उताऱ्यावरील पडताळणी क्रमांक घेऊन महसूल खात्याच्या संकेतस्थळावर करावा.

चौथी, पेनड्राइव्ह ओढून काढू नये. फाइल बंद करावी, 'इजेक्ट' दाबावे, मग काढावा. आणि हिशेबाची एक प्रत दुसरीकडे ठेवावीच. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवतो का?

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फोन केला. सूनबाई म्हणाल्या, "साहेब, बँकेत जायच्या आधी गटाच्या सगळ्या बायांना घरी बोलावलं. त्यांच्यासमोर फाइल उघडली आणि एकेकीचं पान वाचून दाखवलं." कुजबुजणाऱ्या दोघी पुढच्याच रांगेत बसल्या होत्या म्हणे. त्यातली एक म्हणाली, "पुढच्या खेपेला ते 'ऑलवेज' कुठं दाबायचं ते मलाबी दाखव."

मला ते फार बरे वाटले. हिशेब एकीचा नसतो, गटाचा असतो. तो उघडण्याची रीतही गटात चौघींना ठाऊक असावी. म्हणजे एखाद्या दिवशी फाइल पांढरी दिसली, तर संशय माणसावर न जाता पत्त्यावर जाईल. तुमच्या घरी संगणक असेल, तर या रविवारी मुलांना घेऊन बसा आणि एकच शेपटी नेमून पाहा. अडले तर पत्र टाका.

पुढील अंकी डाळिंबाच्या बहार धरणीविषयी बोलू. कळावे.