मेंदू तोच, मत वेगळं



परवा करामाला एका मित्राकडे जेवायला जमलो होतो. गप्पा निवडणुकांवर आल्या आणि एकाने ठेवणीतलं वाक्य टाकलं, "अरे, त्यांचा मेंदूच वेगळा असतो, सिद्ध झालंय!" सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र ते हसणं टोचायला लागलं.

काय सिद्ध झालंय? २०११ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९० तरुणांचे मेंदू स्कॅन करून पाहिले. पुराणमतवाद्यांमध्ये उजवा अमिग्डाला, म्हणजे धोक्याच्या जाणिवेशी जोडलेला भाग, सरासरीने मोठा दिसला. उदारमतवाद्यांमध्ये दुसराच एक भाग. २०२४ मध्ये नेदरलँड्सला नऊशेहून अधिक लोकांवर हेच तपासलं, तेव्हा अमिग्डालाचा संबंध अगदी क्षीण निघाला आणि दुसरा सापडलाच नाही. शिवाय मेंदूमुळे मत बनलं की अनुभवांनी मेंदू घडला, हे अशा स्कॅनवरून कळत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे बघा. जून २०२४ मध्ये महाविकास आघाडीला लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी नेल्या. साडेपाच महिन्यांत राज्यभरचे अमिग्डाला फुगले म्हणायचे का? बदलला तो प्रचार. आधी 'संविधान बदलणार' ही भीती होती, नंतर 'बटेंगे तो कटेंगे' ही. आणि सोबत लाडक्या बहिणीच्या खात्यात महिना १५०० रुपये. भीतीला हात दोन्ही बाजूंनी घातला. फरक आहे तो भीतीला आधार किती आणि ती कोणाविरुद्ध पेटवली, याचा. ते डोकी मोजून ठरत नाही.

मोजमापांचा हा नाद आपल्याला नवा नाही. रिस्लेसाहेबाने नाकं मोजून जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये अशाच मोजमापांचा आधार घेऊन अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे दाखवलं. आपण पुरोगाम्यांनीच पुन्हा 'जन्मजात' हा शब्द उचलावा?

आणि आपलं काय? २०२४ च्या लोकसभेला सुमारे १ लाख १९ हजार अनिवासी मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष जाऊन मत दिलं जेमतेम तीन हजारांनी. फॉरवर्ड करायला मात्र विमानाचं तिकीट लागत नाही. आमच्या इमारतीतले एक काका दुपारी मलप्पुरमच्या सहकाऱ्याबरोबर डबा वाटून खातात आणि संध्याकाळी त्याच्याच समाजाविषयी भलतंसलतं गावाकडे पाठवतात. दुपारी आणि संध्याकाळी मेंदू तोच! फरक इतकाच, की दुपारी समोर ओळखीचा माणूस असतो.

मी काकांना हसायचो. पण मे महिन्यात मीही एक क्लिप न तपासता सोलापूरला आईला पाठवली होती, 'आपल्या' बाजूची म्हणून. ती खोटी निघाली. आई एवढंच म्हणाली, "तू पाठवलीस म्हणून मी चौघींना दाखवली रे."

तेव्हा पुढचं फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघूया: हे खरं आहे का, आणि कोणाची भीती घालतंय? आणि घरी फोन केला की मत कोणाला दिलं हे विचारण्यापेक्षा, का दिलं ते विचारूया. उत्तर ऐकायला थोडा वेळही ठेवूया.

असो. पटलं नाही तर जरूर कळवा.