पिंप लाकडाचं की धातूचं?

ग्राहक चळवळ म्हटलं की आपल्याला आठवते वजनातली काटामारी, भेसळ आणि छापील किमतीवरून झालेली हुज्जत. निव्वळ चव बिघडली म्हणून ग्राहक पेटून उठले, हे इंग्लंडमध्ये घडलं. तेही बिअरवरून!

१९६०च्या दशकात तिथल्या बड्या ब्रुअरींनी ‘केग’ बिअरचा धडाका लावला. गाळलेली, पाश्चराइज केलेली, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने नळातून येणारी ही बिअर टिकाऊ होती आणि गावोगाव एकाच चवीची. जुनी ‘कास्क एल’ मात्र भारी नखरेल. तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं. पबच्या तळघरात, पिंपातच ती पुन्हा आंबते. तळघर साधारण १२ अंशांवर राखायचं, गाळ बसू द्यायचा, हातपंपाने ओढायची आणि पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवायची. पबवाला आळशी निघाला, तर उत्तम बिअरचीही माती.

ही कास्क एल वाचवायला १९६३मध्ये एप्सममध्ये काही रसिकांनी संस्था काढली. नावातच लाकडी पिंपाचा आग्रह होता. पण लाकडी पिंप धुवायला किचकट, दुरुस्तीला खर्चिक. धातूची पिंपं तर येऊन ठेपलेली. शिवाय लाकडाचा स्वाद बिअरमध्ये उतरू नये, हीच बहुतेक इंग्लिश ब्रुअरांची खटपट असे. अखेर या मंडळींनी धातूचं पिंप स्वीकारलं. आतली बिअर जिवंत असली म्हणजे झालं. मला यातला शहाणपणा मोठा वाटतो. आपण परंपरेच्या नावाखाली पितळी भांडी शोकेसमध्ये मांडतो आणि त्यांत शिजणारा पदार्थ विसरतो.

१९७१मध्ये चार तरुणांनी ‘कॅमरा’ ही कास्क एलसाठी लढणारी संघटना सुरू केली आणि चळवळीला बळ आलं. १९७३मध्ये स्टोन गावातली जूल्स ब्रुअरी बंद होणार म्हणून तिची चक्क अंत्ययात्रा काढली गेली. १९७४पासून चांगल्या पबांची मार्गदर्शिका निघू लागली. यॉर्कशायरच्या टॅडकास्टरमध्ये सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीने तर लाकडी पिंपंही सोडली नाहीत.

तरी मेख उरतेच. पिंप तीन दिवसांत रिकामं झालं नाही, तर बिअर आंबट होते. मग पबवाला निमूटपणे केगकडे वळतो. म्हणजे इथे जतन करायचं तर सभासद होऊन भागत नाही. संध्याकाळी उठून पबात जावं लागतं आणि पैसे मोजून एक पाइंट मागवावा लागतो.