उजेडाची वाटणी

गृहसजावटीच्या गुळगुळीत मासिकांतून अंगणाचे जे पुनरागमन अलीकडे साजरे होत आहे ते पाहिले असता, मधोमध आकाश उघडे ठेवलेले घर ही शहराबाहेर एकर-दोन एकर जमीन बाळगणाऱ्या धनिकांचीच हौस असावी, असा कोणाचाही समज व्हावा. माझे मत याच्या अगदी उलट आहे. नैसर्गिक प्रकाशाची खरी निकड ज्या घरांना आहे, ती भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या गावांच्या गावठाणात एकमेकांना खेटून उभी आहेत, आणि नव्या काळाच्या अंगणाचा विचार तेथूनच आरंभिला पाहिजे.

पुढे सपरी (ओसरी), मागे सांदवाडी (परसू) आणि यांच्या दरम्यान कोठेतरी लाखोळी, सरगुंडे, पापड वाळत घालता येतील एवढे आंगण, ही या झाडीपट्टीतील घराची जुनी ठेवण. मालगुजाराच्या वाड्यात तेच आंगण चार सोप्यांचा चौक होई. वर कवेलू, म्हणजे कौले, असत. वानरांच्या एका झुंडीने सकाळी छपरावर धुडगूस घातला, की दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरण्यासाठी केलेला खर्च पाण्यात जाई, हे ज्याने अनुभवले आहे, त्याने स्लॅबचा ध्यास घेतला तर त्याला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. दोष आहे तो पुढच्या पावलात. एकदा सळई आणि सिमेंट आणलेच आहे, तर तेवढी मोकळी जागा तरी का सोडा, या हिशेबाने आंगणही झाकले गेले, आणि आंगण हे घराचे उजेडाचे मुख्य साधन होते, याचा विसर पडला.

दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला लागून असल्या, की खिडकीला जागा उरते ती फक्त पुढे आणि मागे. खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट, फार तर अडीचपट अंतरापर्यंतच तिचा उजेड कामास येतो. म्हणजे सात फुटांवर माथा असलेल्या खिडकीचा प्रभाव चौदा ते सतरा फुटांवर संपतो, आणि चाळीस फूट लांबीच्या घरातील मधल्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावून तांदूळ निवडावे लागतात. त्यातही पावसाळ्याचे दिवस ध्यानात घ्यावेत. आभाळ सर्वत्र सारखे भरून आले असता क्षितिजालगतच्या आकाशापेक्षा माथ्यावरचे आकाश सुमारे तिप्पट उजळ असते, त्यामुळे ज्या घराला डोक्यावरचे आकाश दिसते, त्याला अशा दिवशीही प्रकाशाची वाण पडत नाही.

एकोडी सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे, आणि एवढ्या एका गोष्टीवरून अंगणाचे माप काढता येते. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे ४५ अंशांच्या आसपास उंचीवर असतो, तेव्हा दक्षिणेकडील बांधकामाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढीच पडते. सोपा दहा फूट उंच असेल आणि अंगणाची दक्षिणोत्तर रुंदीही दहा फूट राखली असेल, तर ऐन थंडीत उत्तरेकडील खोलीच्या उंबरठ्याशी ऊन येऊन पोहोचते, म्हणून घरातील वृद्धांची खोली त्याच अंगाला असावी. मेच्या अखेरच्या आठवड्यात तोच सूर्य बरोबर माथ्यावर येतो, आणि अडीच फुटांची वळचण त्याला दुपारी खोलीबाहेर थोपवून धरते. खरा उपद्रव तिसऱ्या प्रहरानंतर पश्चिमेकडून होतो. त्या बाजूस कोठी, न्हाणीघर, जिना घालून खोल्यांना आड करावे. अंगणाच्या भिंतींना चुन्याची सफेदी द्यावी, म्हणजे वरचा उजेड भिंतीवर आपटून आतवर जातो. जमिनीवर मात्र चकाकणारी पांढरी फरशी बसवू नये, कारण मे महिन्यात तिच्याकडे पाहवत नाही.

वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या मुलुखात असे अंगण म्हणजे घरात तळे, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. अंगणाची जमीन सोप्याहून वीतभर खाली ठेवून पाणी नालीने सांदवाडीतील शोषखड्ड्यात सोडले, की त्याचे निवारण होते. वानरे आणि चोर यांच्यासाठी लोखंडी जाळी पुरते. अंगणावर काचेचे अथवा फायबरचे छप्पर चढवण्याची जी टूम शहरांतून निघाली आहे, ती मात्र उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या या प्रदेशात कोणी आणू नये. ऊन आत येते आणि तापलेली हवा बाहेर जात नाही, ही रचना भट्टीची झाली.

प्रश्न उरतो तो लहान घरांचा. २०१६ पासून चालू असलेल्या ग्रामीण आवास योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे. एवढ्यात अंगण कोठून आणावे? एकट्या घराने आणू नये, हे त्याचे उत्तर. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरची जी वसाहत उभारली, तिच्यात सात-सात लहान घरे सुमारे आठ मीटर चौरस अंगणाभोवती बसवली होती, आणि प्रत्येक घराला स्वतःची थोडी उघडी जागाही होती. पंचायत समितीने शेजारी-शेजारी असलेल्या दोन-तीन लाभार्थ्यांचे नकाशे एकत्र पाहून मंजुरी देण्याची तजवीज केली, तर हे येथेही अल्प खर्चात साधेल, कारण आकाशाला स्लॅब लागत नाही.

यापुढची अडचण स्थापत्याची नसून भाऊबंदकीची आहे. दोन भावांची वाटणी झाली, की सर्वांआधी अंगणाच्या मध्यावर भिंत उभी राहते आणि दोघांच्याही वाट्याला काळोख येतो. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आरंभापासून ज्या थोड्या प्रांतांना लागू झाला, त्यांत मध्यप्रांत, आणि म्हणून भंडारा जिल्हा होता. शेजाऱ्याच्या जमिनीवरून येणारा उजेड हक्काने आणि निर्वेधपणे वीस वर्षे उपभोगला असेल, तर तो अडवता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. परंतु वीस वर्षांची वहिवाट शाबीत करण्यासाठी दोन भावांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा, अंगण सामाईक राहील आणि त्यावर कोणीही बांधकाम करणार नाही, हे कलम वाटणीपत्रातच चतुःसीमांसह लिहून, ते पत्र नोंदवून घ्यावे.